आधी बाप वाचणार, मग मुलगा

अण्णासाहेब,

परवा ठाण्याहून दोन गृहस्थ माझ्याकडे कल्याणला आले होते. वाचनालयात तुमच्यासाठी शोकसभा ठेवली आहे आणि मी चार शब्द बोलावेत, असं त्यांचं म्हणणं. मीच का, असं विचारलं, तर त्यांतला एक म्हणाला, "तुम्ही दोघेही पुस्तकांतली माणसं. शिवाय जुनी ओळख." जुनी ओळख! बारा वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मी त्यांना पाणी दिलं, प्रकृती बरी नाही म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. माझी प्रकृती उत्तम आहे. पण सभेत खोटं बोलावं लागलं असतं, आणि खरं बोललो असतो तर लोकांनी हाताला धरून खाली बसवलं असतं. म्हणून जे आहे ते तुम्हालाच लिहितो.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की या वकिलाने शेवटचा शब्दही स्वतःकडेच ठेवला.

तुमच्यावर सभेत कोण काय बोलणार ते मला ठाऊक आहे. कायद्याचं ज्ञान, करारी स्वभाव, विद्येची आवड. यांतलं काहीच खोटं नाही. विद्येची आवड तर इतकी, की मुलाच्या शाळेत नेमलेलं पुस्तक मुलाच्या आधी वाचणारा बाप मी तुमच्याआधी पाहिला नव्हता.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि ठाण्याच्या शाळेत इंग्रजी पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवत होतो. हेडमास्तरांच्या मागे लागून, अर्जावर अर्ज करून, मी त्या वर्षी मुलांसाठी एक नवी कादंबरी नेमून घेतली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या घरात ते उच्चारायची बंदी होती, आणि हे पत्र मी मनाने तुमच्या बैठकीत बसूनच लिहितो आहे. कोकणातल्या एका खोताच्या घरची गोष्ट होती ती. खोताची मुलगी दहाव्या वर्षी विधवा होते. तिचा भाऊ तिला चोरून अक्षरं शिकवतो. बापाला कळतं, बाप पाटी फोडतो. मग भाऊ तिला गलबतात बसवून मुंबईला नेतो आणि मुलींच्या शाळेत घालतो. लिहिणाऱ्याचं पहिलंच पुस्तक होतं, भाषा जरा बोजड होती, पण मला ते वाचून झोप आली नव्हती. मुलांनाही असंच काहीतरी व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तुम्ही शाळेत आलात. डोक्यावर पगडी, कोर्टाचा अंगरखा, आणि हातात दत्तूची प्रत. मी उठून उभा राहिलो.

"मास्तर, हे पुस्तक तुम्ही नेमलंत?"

"हो."

"बरं केलंत. पण एक सांगून ठेवतो. दत्तू जेवढं वाचेल तेवढं मीही वाचणार. आधी मी, मग तो."

अण्णासाहेब, मला आनंद झाला होता! मी धावत जाऊन हेडमास्तरांना सांगितलं, की पालक मुलांबरोबर वाचू लागले, याहून शाळेला काय हवं? आणि तुमचं पाहून इतरांनीही धरलं. पंधरा दिवसांत आमच्या वर्गातल्या पाच मुलांचे बाप ती कादंबरी वाचत होते. संध्याकाळी मासुंदा तळ्याच्या काठी देवळाच्या पायऱ्यांवर बसून त्यावर वाद चालायचे. पोस्टमास्तर तर पाटी फोडण्याचं प्रकरण वाचून सगळ्यांसमोर रडले, आणि उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "अहो, धूळ फार आहे आज." मी त्या पायऱ्यांवर बसून ऐकायचो आणि मला वाटायचं, आपण गावात काहीतरी सुरू केलं.

आणि तुम्ही! दर शनिवारी दत्तूच्या हाती तुमची चिठ्ठी यायची. त्यात क्रमांक घालून प्रश्न. 'चौथ्या प्रकरणात अमावास्या आहे, मग भावाला विहिरीपलीकडचा माणूस कसा ओळखू आला?' 'खोताला एकच मुलगा म्हटलं आहे, आठव्या प्रकरणात धाकटा कुठून आला?' मी ती कादंबरी चार वेळा वाचली होती, आणि तो धाकटा मला दिसला नव्हता. माझ्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात... नाही, तेवढं वय अजून झालं नाही. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत तुमच्याइतका बारीक वाचणारा मला दुसरा भेटला नाही. विद्यार्थ्यांतही नाही. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतर तर सांगायचा प्रश्नच नव्हता. आता सांगतो, कारण ते खरं आहे, आणि तुमच्याविषयी बोलताना मला एकही गोष्ट लपवायची नाही.

आपला खरा वाद खोताबद्दल होता. मी म्हणायचो, त्या बापाला मुलीविषयी काही वाटत नाही, त्याला फक्त लोकांची भीती आहे. तुम्ही म्हणायचात, त्याला मुलीविषयी सगळं वाटतं, लिहिणाऱ्याला ते दाखवता आलं नाही. एकदा तळ्याकाठी सगळे उठून गेले तरी आपण दोघे भांडत बसलो होतो. शेवटी तुम्ही जोड्यात पाय घालत म्हणालात, "माया आणि भीती या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत असं तुम्हाला वाटतं, मास्तर. कारण तुम्हाला अजून मूल नाही."

मला ते वाक्य तेव्हा नुसतं टोचलं. तुमच्या घरी सतरा वर्षांची विधवा मुलगी आहे, हे मला माहीत नव्हतं.

शपथेवर सांगतो, माहीत नव्हतं. तुम्ही शाळेच्या कमिटीसमोर म्हणालात, की मी मुद्दाम, तुमच्या घरावर नेम धरून ते पुस्तक निवडलं. नाही. मला कळलं ते दत्तूकडून, आणि तेही पुस्तक अर्ध्यावर आल्यानंतर. शाळा सुटल्यावर तो माझ्याबरोबर थोडं चालत आला आणि म्हणाला, "मास्तर, एक विचारू? आमची यमूताई विचारते, ती मुलगी पुढे शाळेत जाते का?"

"यमूताई कोण?"

मग त्याने सांगितलं. त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. अकराव्या वर्षी नवरा गेला. आई तर आधीच गेलेली. लहानपणी शाळेत दोन वर्षं गेली होती, तेवढी अक्षरं येतात. ती परसात विहिरीवर भांडी घासते तेव्हा दत्तू शेजारी बसून तिला ती कादंबरी वाचून दाखवतो. आधी तुम्ही वाचायचात, मग दत्तू, आणि मग ती. तुमच्या घरात ते पुस्तक तिघं वाचत होती आणि तुम्हाला दोघेच माहीत होते.

"पण बाबा हल्ली पुढची पानं देत नाहीत," दत्तू म्हणाला. "म्हणतात, मीच अजून विचार करतोय."

दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची प्रत त्याच्या हातात ठेवली. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: 'पुढे काय झालं ते स्वतः वाचा.' एवढंच. तिला कुणीतरी सरळ उद्देशून काही लिहावं, असं मला वाटलं. तरुण होतो, स्वतःवर खूश होतो. त्या मुलीचं पुढे काय होईल याचा विचार मी केला नाही. पुस्तकातल्या मुलीचा मात्र पुष्कळ केला होता.

ती प्रत तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सापडली.

तुम्ही आरडाओरडा केला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही कमिटीकडे लेखी तक्रार केलीत, आणि पाच सभासदांसमोर उभं राहून कोर्टात बोलावं तसं, आवाज न चढवता बोललात. एका शिक्षकाने, परक्या घरातल्या विधवा मुलीला, तिच्या बापाच्या नकळत, स्वतःच्या हस्ताक्षरात मजकूर लिहून पुस्तक पाठवलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. हीच तुमची हुशारी. मग तुम्ही ते पान उघडून माझी ओळ वाचून दाखवलीत. तुमच्या तोंडून ती ओळ किती घाणेरडी वाटली! पाठीमागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

पोस्टमास्तर तिथे होते. धूळ गेल्यामुळे रडणारे आमचे पोस्टमास्तर. ते म्हणाले, मला या पुस्तकाविषयी पहिल्यापासूनच शंका होती. बाकीचे तीन बाप माना डोलवत राहिले. हेडमास्तर टेबलावरच्या दौतीकडे बघत होते. आणि मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "मी फक्त पुस्तक दिलं. बाकी माझ्या मनात काही नव्हतं." त्या मुलीने वाचायला काय हरकत आहे, असं विचारायला हवं होतं. तेवढंच विचारायचं होतं, आणि तेवढंच विचारलं नाही. मी माझं चारित्र्य वाचवत बसलो.

माझी नोकरी गेली. त्याबद्दल माझा तुमच्यावर राग नाही. कल्याणला तळ्याजवळच्या एका लहान शाळेत जागा मिळाली, संसार झाला, मुलं झाली. नोकरीपुरतं असतं, तर मी तुमच्या शोकसभेला येऊन चार वाक्यं बोललोही असतो.

कमिटी झाली त्यानंतर दहा-बारा दिवसांची गोष्ट. दत्तू शाळा बुडवून, कुणाला न सांगता आगगाडीने कल्याणला आला. माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी त्याला खाली बसवलं.

"ताईचे केस काढले," तो म्हणाला.

सहा वर्षं तुम्ही ते टाळलं होतंत. जातीतले लोक किती बोलले, किती पत्रं आली, तरी तुम्ही 'बघू, बघू' म्हणत आला होतात. दत्तूनेच सांगितलं मला. आणि मग गावात चर्चा झाली, की वकिलाच्या घरात असली पुस्तकं चालतात, मास्तर वकिलाच्या मुलीला चिठ्ठ्या लिहितो. ही चर्चा कुणी सुरू केली होती? तुम्ही! तुमच्याच तक्रारीने! आणि ती बंद करायला तुम्ही न्हावी बोलावलात. यमुनाबाई परसात बसल्या, त्यांचे केस गेले, अंगावर लाल आलवण आलं, आणि तुम्ही त्या दिवशी कोर्टाला सुट्टी घेतली नाहीत.

"बाबा काही बोलले का?" मी दत्तूला विचारलं.

"संध्याकाळी आले आणि जेवले नाहीत."

जेवला नाहीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या एका जेवणाने काय होणार होतं? मी दत्तूला परत घेऊन ठाण्याला आलो, तुमच्या नौपाड्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून तो एकटा आत गेला. मी कोपऱ्यावरूनच वळलो. हेही लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी दत्तू मॅट्रिक झाला आणि मुंबईला निघून गेला. एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागला. तुम्हाला त्याला वकील करायचं होतं. तो सणावारी बहिणीला भेटायला यायचा, आणि मला म्हणायचा, की बाबांशी मी फक्त हवापाण्याचं बोलतो.

मी तेवढंही बोललो नाही. तुम्ही कामासाठी कल्याणच्या कोर्टात यायचात. पहिल्यांदा समोरासमोर आलो तेव्हा तुम्ही थांबलात आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलंत, "मास्तर, यंदा तुमच्या वर्गाला काय नेमलंय?" मी तोंड फिरवून चालू लागलो. दोन वर्षांनी तोच प्रश्न. मी पुन्हा चालू लागलो. तिसऱ्यांदा तुम्ही थकलेले दिसलात, हातात काठी होती. तुम्ही म्हणालात, "नुसतं नाव सांगा. बोलू नका हवं तर, लिहून द्या." लोक बघत होते. मी वळसा घालून निघून गेलो. घरी येऊन बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आज पुन्हा त्या माणसाला जागा दाखवली. मला वाटलं, तुम्ही मला डिवचता आहात. माझी खोड काढता आहात. त्याशिवाय दुसरं कारण असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते कारण मला काल कळलं. शोकसभेला नाही म्हटलं, तरी दत्तूसाठी समाचाराला जाणं भाग होतं. बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलो. वाटेत ठाकुर्लीच्या पुढे गाडी बराच वेळ थांबली, आणि मला खरं सांगायचं तर परत फिरावंसं वाटत होतं. तुमच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं. दत्तू भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग माजघराच्या दारात यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी प्रथमच पाहत होतो. बारा वर्षं ज्यांच्यासाठी मी तुमचा द्वेष केला, त्यांचा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

"मास्तर ना तुम्ही? बसा. उठू नका," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. मला का कोण जाणे, खचलेला आवाज अपेक्षित होता.

त्यांनीच सांगितलं. दत्तू मुंबईला गेला त्याच महिन्यात एका संध्याकाळी दिवा लावल्यावर तुम्ही बैठकीत येऊन बसलात आणि मोठ्याने काहीतरी वाचू लागलात. त्यांना वाटलं, पक्षकार आला असेल. डोकावून पाहिलं तर समोर कुणी नाही. मग शब्द कानावर आले. तीच कादंबरी होती. माझी प्रत. आणि तुम्ही वाचत होतात ते अगदी तिथपासून, जिथे तुम्ही दत्तूला पुढची पानं देणं थांबवलं आणि परसात त्यांचं वाचन थांबलं होतं.

"तुम्हाला बोलावलं नाही?" मी विचारलं.

"छे! कधीच नाही. मी आपली दाराच्या आड बसायचे. मी चुलीवरचं बघायला उठले की ते वाचायचे थांबायचे. येऊन बसले की पुढे. मला खोकला झाला तर पाणी पिऊन होईपर्यंत थांबायचे. पण 'यमू, ऐक' असं एकदाही म्हणाले नाहीत."

ती कादंबरी संपली, मग दुसरी. दर वर्षी शाळांतून काय नेमलंय त्याची चौकशी तुम्ही करायचात. शेजारच्या मुलांना विचारायचात, मुंबईहून मागवायचात. जी पुस्तकं दत्तू शिकत असता तर त्याच्याबरोबर वाचली असती, ती सगळी तुम्ही रिकाम्या बैठकीत बसून वाचलीत. आजारपणात आवाज बसला तेव्हा दिवसाला एक पान.

ऐकता ऐकता मी तुम्हाला माफ करायला निघालो होतो, आणि त्याचाच मला संताप आला. अण्णासाहेब, मी हे स्पष्ट लिहितो: याने काही फिटत नाही. तुम्ही कोर्टाच्या पायरीवर मला ते सांगू शकला असतात. 'माझ्या मुलीसाठी हवंय' एवढं म्हणायचं होतं. माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती, म्हणून तुम्ही ते मुलीपासूनसुद्धा लपवलंत, तिच्याच देखत! खोताच्या मायेविषयी तुम्ही इतकं भांडलात, आणि स्वतःची माया भिंतीला वाचून दाखवलीत. तो वाद तुम्ही जिंकलात असं मी मानत नाही. माया होती, हे कबूल. पण केस काढणाऱ्या न्हाव्याला निरोप धाडणारा हातही त्याच माणसाचा होता.

मी यमुनाबाईंना म्हणालो, "तुम्हाला त्यांचा राग येत नाही?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत होतं, मास्तर. पुस्तक हातात दिलं असतं तर चार दिवसांत संपवलं असतं. त्यांच्या चालीने दोन दोन महिने ऐकावं लागायचं. शिवाय मधली पानं गाळायचे."

"तुम्हाला कसं कळायचं?"

"गोष्ट तुटायची ना! दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेले, की फडताळातून पुस्तक काढून गाळलेलं वाचायचे. आणि ठेवताना मुद्दाम उलटं ठेवायचे. त्यांना कळावं म्हणून."

"मग?"

"संध्याकाळी ते सरळ करून वाचायला घ्यायचे. बोलले कधीच नाहीत. मीही नाही बोलले. आता बोलायला माणूसच राहिला नाही."

दत्तूने मान वळवली. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला गेलो. बहुधा तुमच्याविषयी कडू बोललो असेन, की एवढ्या विद्वान माणसाने असं करायला नको होतं, वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. मग मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "आणि तुम्ही, मास्तर?"

"मी?"

"तुम्ही मला पुस्तक पाठवलंत. पुढे काय झालं ते स्वतः वाचा, म्हणालात. मग माझं पुढे काय झालं ते बघायला तुम्ही एकदाही आला नाहीत. कल्याण काय काशीला आहे? दत्तूजवळ एक पुस्तक, एक निरोप? बाबांशी बोलायचं नव्हतं, ठीक. मी काय केलं होतं तुमचं?"

तुमच्यापुढे मी बारा वर्षं ताठ होतो, अण्णासाहेब. यमुनाबाईंपुढे मला मान वर करता आली नाही. तुमचा राग धरून बसणं मला फार सोयीचं गेलं होतं. त्या रागात मी चांगला माणूस होतो, आणि काहीच करावं लागत नव्हतं. मी म्हणालो, "चुकलं." त्या म्हणाल्या, "हो."

बस्स. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. त्या आत गेल्या आणि दौत, टाक, कागद घेऊन आल्या. पुण्याला शिक्षिका तयार करणारी शाळा आहे, तिथे जायचं ठरवलं आहे, म्हणाल्या. वय एकोणतीस, पण घेतात. दत्तू पोहोचवायला जाणार. मुलीला वाचता-लिहिता येतं, असं एखाद्या मास्तराचं पत्र लागतं.

"लिहाल?"

मी तिथेच, तुमच्या बैठकीत, लिहायला बसलो. सुरुवात केली, की सदरहू दुर्दैवी भगिनी... त्या शेजारी उभ्या राहून वाचत होत्या.

"दुर्दैवी काढा."

मी खोडलं. पुढे लिहिलं, की विद्वान पित्याच्या छायेत...

"तेही काढा."

"मग काय लिहू?" मी विचारलं.

"माझं नाव लिहा. मग लिहा, हिला वाचता येतं. हिने पुष्कळ वाचलं आहे, आणि न वाचून दाखवलेलंही वाचलं आहे. खाली सही करा."

मी तसंच लिहिलं. त्यांनी कागद घेऊन शाई सुकायला वाळू टाकली, झटकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः एकदा वाचला, आणि दत्तूच्या हातात दिला.